उद्या काल हरवला

१

"बाई, लगेच या. उद्या काल हरवला."

फोन ठेवल्यावर बाई खुर्चीतच बसून राहिल्या. चाळीस वर्षं मुद्रितशोधनात, म्हणजे दुसऱ्यांच्या छापील चुका पकडण्यात गेलेली. त्यामुळे वाक्य कानावर पडलं की आधी त्याचं व्याकरण तपासायचं, ही खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. 'उद्या' आणि 'काल' एकाच वाक्यात, वर क्रियापद भूतकाळी. वाक्य सपशेल नापास होतं. बोलणारा भाऊ मात्र शुद्धीवर असावा, कारण शेवटी तो "चष्मा विसरू नका" असंही म्हणाला होता.

टायरच्या दुकानावरचे तीन मजले चढून अक्षरशाळेच्या दारात पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात उजेड पडला. उद्या म्हणजे उद्या नव्हे. उद्या म्हणजे 'उद्या', अण्णांचा शेवटचा फॉन्ट.

अण्णा आणि बाई एकाच छापखान्यात लहानाचे मोठे झाले होते. अण्णा खान्याखान्यांतून अक्षरांचे शिशाचे खिळे वेचून ओळी जुळवायचे आणि बाई त्या ओळींवर लाल पेन चालवायच्या. राहून गेलेला शब्द आत घालण्यासाठी ओळीखाली जी टोपी काढतात ती काकपदाची खूण, आणि बाई ती इतक्या सढळ हाताने काढायच्या की अख्खा छापखाना त्यांना 'काकपद बाई' म्हणे. पुढे छापखाना बंद पडला. अण्णांनी तिथलं जुनं कपाट उचलून आणलं आणि ही अक्षरशाळा थाटली. फॉन्ट करून द्यायचे, हाच धंदा.

'उद्या' शहरातल्या नव्या तारांगणासाठी होता. आणखी शंभर वर्षांनी अक्षरं कशी दिसतील, तशी हवीत, असं तारांगणवाल्यांचं म्हणणं. अण्णांनी पहिल्याच फटक्यात शिरोरेषा उडवली. अक्षरं हवेत तरंगत असल्यासारखी उभी राहिली. भिंतीवरची पुरुषभर नावं, दर्शनी पाटी, पोस्टर, एवढ्यासाठीच तो फॉन्ट होता. त्यात बारीकसारीक मजकूर लिहिणाऱ्याचे हात बांधून ठेवा, असं अण्णा स्वतःच म्हणत. बाईंना तो मुळीच आवडला नव्हता. डोक्यावर छप्पर नाही, तर भ कुठला आणि म कुठला, घ कुठला आणि ध कुठला, हे ओळखायचं कसं?

अण्णांना जाऊन महिना झाला होता.

आत सगळे कपाटाभोवती जमले होते. अण्णांचा मुलगा भाऊ, तो आता मालक. कागदावरची अक्षरं संगणकात चढवणारा माऊसराव. झाडलोट करणारी मावशी. आणि भिंतीला टेकून, खांदे पाडून उभी असलेली वेलांटी. चार वर्षं अण्णांच्या हाताखाली काम केलेली ही मुलगी उंच, किडकिडीत आणि वरून किंचित वाकलेली. तिला हे नाव अण्णांनीच दिलं होतं.

"तिसरा खण," भाऊ म्हणाला. "उद्याचे बावन्न मूळ कागद, हाताने काढलेले. आज चार वाजता तारांगणाच्या संचालिका न्यायला येतायत. काल संध्याकाळी उघडला तर आत हे."

खणात एकच चिठ्ठी होती. अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापलेली, आणि तीही 'उद्या'मध्येच. बाईंनी चष्मा पुसला.

"भूळ कागद..."

"मूळ," माऊसराव म्हणाला.

"मूळ कागद रवाना ७," भाऊने वाचून टाकलं. "सात तारखेला रवाना. चोर हुशार आहे, पोच देऊन गेलाय."

मावशी वाकून एकेक अक्षर लावत होती. "मू...ळ. का...ग...द. खा...ना. कागद खाना! अगंबाई, वाळवी लागली की काय?"

एवढ्या ताणातही माऊसराव खुदकन हसला. "मावशी, ते रवाना आहे. र आणि व."

"मला मेलीला काय कळतंय," मावशी म्हणाली आणि झाडू घेऊन बाजूला झाली. "या कपाटाखालून तर झाडूही जात नाही. बाकी सगळ्याला पाय आहेत, हे आपलं जमिनीला चिकटून बसलंय."

बाई एकेक खण उघडून बघू लागल्या. पितळी आकडे एकपासून सहापर्यंत. सहाही खण धुंडाळून झाले, त्यांत जुनी पोस्टरं, कोरे कागद आणि धूळ होती. शेवटचा खण लावताना बाईंचा अंगठा तळाच्या फळीवर असा आपटला की फळी ढोलकीसारखी वाजली.

"गेल्या महिन्याच्या सात तारखेला या दारातून एकच माणूस मोठी नळी घेऊन बाहेर पडलं," भाऊ अंगठ्याची चौकशी न करता म्हणाला. कागद गुंडाळून न्यायची नळी. त्याने कोणाचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांचे डोळे भिंतीकडे गेले.

वेलांटीने नजर खाली घातली.

२

माऊसरावाला बाईंनी त्याच्याच यंत्रापुढे गाठलं. शेजारच्या टेबलावर तारांगणाच्या कोनशिलेच्या मजकुराचा कागद तपासणीसाठी पडला होता: 'ही अक्षरे घडवली', आणि खाली अण्णांचं पूर्ण नाव. दुसरं नाव नव्हतं.

"मला चुगली करायची नाही," माऊसरावाने सुरुवातच अशी केली, म्हणजे तो करणार हे नक्की झालं. "पण सहा तारखेला ती फोनवर बोलत होती. मी स्वतः ऐकलं. 'उद्या घेऊन येते, कोणाला सांगू नका.'"

"कोणता उद्या?"

"म्हणजे?"

"फॉन्ट उद्या, की दुसऱ्या दिवशीचा उद्या?"

 त्याने बोटं मोजली. "सहाला बोलली. सातला नळी घेऊन गेली. म्हणजे उद्या. पण नळीत उद्याच असेल, तर उद्या उद्या नेला ना!"

बाईंचं डोकं गरगरलं. हे नाव ठेवणाऱ्या अण्णांना त्यांनी मनातल्या मनात एक शिवी हासडली, आणि लगेच डोळे भरून आले. शिवी ऐकायला तो माणूस उरला नव्हता.

"बरं, एक सांग. मावशी म्हणते तसं ते 'खाना' असेल तर? जुन्या छपाईत ख असाच दिसायचा, र आणि व शेजारी शेजारी. आम्ही त्या पायी किती मार खाल्लाय."

"छे!" माऊसरावाने भिंतीवरचं पोस्टर दाखवलं. 'खगोल मंडळ', 'उद्या'मध्ये. "बघा आमचा ख. खाली दोन्ही पाय बांधलेत. एका अक्षराचं दुसरं होणं शक्यच नाही. पाच तारखेच्या संध्याकाळी वेलांटीने दुसरी आवृत्ती केली, तिच्यात हे सगळं दुरुस्त केलं. जुनी मी त्याच संध्याकाळी पुसून टाकली. दोन-दोन आवृत्त्या राहिल्या की गोंधळ होतो."

"सगळं म्हणजे काय काय?"

"ख आणि ळ. दोनच."

चिठ्ठीतल्या अक्षराचे पाय बांधलेले नव्हते. म्हणजे तो ख नव्हता. र आणि व. रवाना. बाईंचा धागा हातात आल्या आल्या तुटला. बाहेर भाऊ फोनवर वकिलाशी बोलत होता.

३

"चारच्या आत सांग, नाहीतर तक्रार देतो," भाऊने वेलांटीला बजावलं होतं. तक्रार गेली की या धंद्यात तिला कोणी दारात उभं करणार नव्हतं. अक्षरं करणारे लोक किती, बोटांवर मोजण्याइतके. चोराचं नाव सगळ्यांना आठवडाभरात पाठ झालं असतं.

बाईंनी तिला जिन्यात बसवलं.

"नळीत काय होतं?"

"सांगता येणार नाही."

"कोणाकडे नेलीस?"

"तेही नाही. वचन दिलंय."

"अगं, गळ्याशी आलंय आणि वचन कसलं कुरवाळतेस?"

"ज्यांना दिलं ते सोडवायला नाहीत आता," ती म्हणाली आणि रडू लागली. "बाई, मी फोनवर उद्या म्हणाले म्हणजे उद्याच म्हणाले हो! या फॉन्टने माझा उद्याही नासवला."

बाईंनी तिच्या हातात रुमाल दिला. हे पोर चोर वाटत नव्हतं. पण चाळीस वर्षांत त्यांनी इतक्या सज्जन दिसणाऱ्या चुका पाहिल्या होत्या की वाटण्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

भाऊकडे गेल्या तर तो अण्णांच्या खुर्चीत बसला होता. खुर्ची खिडकीला अगदी खेटून होती. टेबलावर तीन भिंगं.

"कागद काल पहिल्यांदा बघितलेस? महिनाभर खण उघडलाच नाहीस?"

"हिंमत झाली नाही," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "चार तारखेला आमचं भांडण झालं. ते म्हणाले, कोनशिलेवर तिचंही नाव टाक. मी म्हटलं, तुमच्या आयुष्यभराच्या कामात कालची पोर वाटेकरी कशी? तर म्हणाले, मूळ कागद बघ, मग पाटी कर. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तारांगणाची भिंत मोजायला गेलो, ते एकटेच इथे होते. सहा तारखेपासून घरीच होते. नऊला गेले. ते शेवटचं धड बोलणं, बाई. तेही तिच्याबद्दल."

आता बाईंना जरा कळलं. रागाच्या पोटात दुसरंच काहीतरी होतं. चार वर्षं बापाचा दिवस एका परक्या मुलीने खाल्ला होता.

"शेवटी शेवटी फार चिडायचे," भाऊ पुढे म्हणाला. "सहीला कागद पुढे केला की भिरकावून द्यायचे."

बाईंना आठवलं, मागच्या वर्षी त्या भेटायला आल्या तेव्हा अण्णा दारात त्यांच्याकडे अनोळख्यासारखे बघत राहिले होते. बाई बोलल्या तेव्हा कुठे हसले. त्यांना तेव्हा राग आला होता.

फोन वाजला. संचालिका निघाल्या होत्या. चारला नाही, तीनलाच पोचणार होत्या. घड्याळात अडीच.

४

बाई चिठ्ठी घेऊन खिडकीशी बसल्या. डोक्यात नुसता काला झाला होता. रवाना सात. सात उद्या. उद्या नेला, उद्याला नेला, उद्याने नेला. वाचावं तितका गुंता वाढत होता.

मग त्यांना स्वतःचंच जुनं वाक्य आठवलं. नव्या मुलांना शिकवताना त्या म्हणायच्या, "वाचू नका, बघा. अर्थ लागला की चूक दिसेनाशी होते." म्हणूनच अवघड मजकूर त्या उलटा, शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे तपासायच्या. आणि आज काय केलं होतं? सगळ्यांसारखं वाचलं होतं. बघितलं होतं एकट्या मावशीने. तिला अर्थाची घाई नव्हती.

त्यांनी चिठ्ठीवर हात ठेवला आणि मागून एकेक अक्षर उघडत गेल्या. सात. ना. वा. र. द. ग. का. ळ.

बोट ळ वर थांबलं.

चिठ्ठीतला ळ म्हणजे दोन गच्च बंद वाटोळी, चष्म्यासारखी. त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या 'मंडळ'कडे पाहिलं. तिथल्या ळ चं उजवं वाटोळं उघडं होतं, दार किलकिलं ठेवल्यासारखं.

"माऊसराव!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की मावशीच्या हातून झाडू पडला. "भाऊ, वेलांटी, सगळे इकडे या!"

५

"ही चिठ्ठी कुठल्या आवृत्तीतली?" बाईंनी ती माऊसरावाच्या नाकापुढे धरली. "ख राहू दे. ळ बघ."

माऊसरावाने पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. "पहिली," तो पुटपुटला. "हा जुना ळ आहे. पण ती आवृत्ती तर मी पाचच्या संध्याकाळी पुसली."

"म्हणजे चिठ्ठी पाचच्या संध्याकाळच्या आधी छापलेली. मग पाच तारखेला छापलेल्या चिठ्ठीला सात तारखेची चोरी कशी कळली?"

बाईंनी चिठ्ठी टेबलावर सपाट ठेवली.

"आणि पहिल्या आवृत्तीत ख चे पाय बांधलेले नव्हते. म्हणजे मावशीने वाचलं तेच बरोबर. मूळ कागद, खाना सात. चिठ्ठी अण्णांची आहे. पाचला ते एकटेच इथे होते. आपण सगळे खण म्हणतो. अण्णा मरेपर्यंत खानाच म्हणत, छापखान्यातल्यासारखं. कोणाही ऐऱ्यागैऱ्याला हे खाना वाटलं असतं. तुम्हालाच वाटलं नाही, कारण आपला ख सुधारलेला आहे ही तुमची खात्री!"

वेलांटीने कपाळावर हात मारून घेतला. "मी अण्णांशी याच्यावरच भांडले होते. म्हटलं होतं, पाय बांधू या, नाहीतर खान्याचं रवाना होईल. हेच शब्द. आणि मलाच..."

"पण बाई," भाऊ म्हणाला, "खण सहाच आहेत."

बाईंनी पुन्हा मोजले. सहा. पितळी आकडेही सहाच. क्षणभर त्यांना वाटलं, आपलं सगळं तर्कट पाण्यात गेलं. मग अंगठा ठणकला.

"सहावा खण पुरता बाहेर काढा."

भाऊ आणि माऊसरावाने खण उपसून काढला. खाली, जमिनीला टेकलेल्या त्या फळीमागे चार बोटं उंचीची जागा होती. छापखान्यात दुर्मीळ ठसे तिथे ठेवत. कुलूप नाही, पण कोणाला दिसतही नाही. तिथे जाड पुठ्ठ्यांमध्ये बावन्न कागद सपाट झोपले होते. भाऊ गुडघ्यांवर बसला आणि एकेक बाहेर काढू लागला.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात जाड मेणखडूने काहीतरी लिहिलं होतं. बोटभर अक्षरं, ओळ सोडून घसरलेली, एकावर एक चढलेली. अण्णांचं अक्षर! ज्याच्या अक्षराची माणसं चौकट करून लावत, त्याचं.

"हे असं का लिहिलंय?" भाऊला कळेना.

बाईंना कळलं. खिडकीला खेटलेली खुर्ची, तीन भिंगं, अंगठ्याएवढी चिठ्ठी, भिरकावलेले सहीचे कागद आणि दारातलं ते अनोळखी बघणं.

"त्यांना दिसत नव्हतं," बाई म्हणाल्या. "किती दिवस ग?"

"दीड वर्ष," वेलांटी म्हणाली. गुपित आता ज्याचं त्यानेच फोडलं होतं. "मोठं असलं तर थोडं अंधुक दिसायचं. यंत्रावर उद्या मोठा करून बघायचे, शेवटी तेही जेमतेम. अक्षर कसं हवं ते हवेत बोटाने दाखवायचे, मी काढायचे. भाऊंना सांगू नकोस म्हणाले, तो काम थांबवेल. सातला त्या नळीत पुठ्ठ्याचा ख होता, कापलेला. पाय त्यांना न विचारता बांधले होते ना मी. घरी नेऊन हातात दिला. त्यांनी दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाले, 'जिंकलीस. आता हलायचा नाही हा.'"

भाऊच्या हातात शेवटचा कागद होता. तो त्याने खिडकीकडे धरला आणि एकेक अक्षर लावत, मावशीसारखं, वाचलं.

"हात हिचा. डोळे हिचे. हट्ट तेवढा माझा. भाऊ, आता पाटी कर."

त्याने कागद मांडीवर ठेवला. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "म्हणजे चिठ्ठी माझ्यासाठी होती," तो म्हणाला. "आणि मी महिनाभर खण उघडला नाही."

जिन्यात पावलं वाजली. मावशी दार उघडायला गेली. संचालिका आल्या होत्या.

भाऊ उठला, टेबलावरचा कोनशिलेचा कागद ओढला आणि बाईंच्या पर्समधून न विचारता लाल पेन काढलं. अण्णांच्या नावापुढे त्याने काकपदाची खूण केली आणि वेलांटीचं नाव लिहिलं. टोपणनाव नव्हे, आईबापांनी ठेवलेलं, पूर्ण.

खूण त्याने उलटी काढली होती, टोक खाली करून. बाईंनी ती पाहिली. हात सवयीने पेनाकडे गेला.

मग त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.